उणे जाडीची रेघ

१

शनिवारची दुपार म्हणजे ताईचं दुकान, हे धाकटीचं ठरलेलं. त्या वेळी गिऱ्हाईक कमी असायचं. ताई लांबलचक टेबलापाशी उभी राहून पडद्यांची कापडं कापायची, आणि धाकटी टेबलाच्या टोकाला असलेल्या फिरत्या स्टुलावर बसून जगात काय काय चुकतंय ते तिला सांगायची. जगात पुष्कळ चुकत असायचं, त्यामुळे स्टूलही पुष्कळ फिरायचं. बोलता बोलता गरगर फिरायची तिला लहानपणापासूनची खोड होती. ताईच्या मुलीने, चिमीने, ती उचलली आणि एकदा स्टुलासकट आडवी झाली, तेव्हा भाऊजींनी ते स्टूल बोल्ट मारून जमिनीला पक्कं करून टाकलं होतं.

"कोपऱ्यावर नवी बँक झालीय, तिची पाटी बघितलीस?" धाकटी म्हणाली. "अक्षरं ताणलीत गं ताई! चड्डीचं इलॅस्टिक ताणावं तशी. एवढी मोठी इमारत, काच काय, दगड काय, आणि नाव असं. यांना लाज कशी वाटत नाही?"

"मला तरी काही दिसलं नाही तसं." ताईची कात्री कापडातून सरसर पुढे गेली.

"तेच तर! कुणालाच दिसत नाही!" धाकटीने तावातावाने गिरकी घेतली आणि तिचा गुडघा फळीवर खाडकन आपटला.

"आई गं!"

"जाड झालीस," ताई मान वर न करता म्हणाली.

"गुडघा जाड होतो का कधी?"

"तुझा होईल. तुझं काही सांगता येत नाही."

दोघी हसल्या. धाकटी गुडघा चोळत राहिली. मग तिने स्टूल हळूहळू, जपून फिरवून बघितलं. डावीकडे कापडांच्या फळ्यांना गुडघा लागत होता. उजवीकडे भिंतीला लागत होता. मागच्या शनिवारपर्यंत ती याच स्टुलावर पाय पसरून भिंगरीसारखी फिरली होती.

"फळ्या पुढे घेतल्यास का गं?"

"भिंतीत ठोकलेल्या फळ्या पुढे कशा घेणार? काहीतरीच तुझं."

निघताना ती नेहमीसारखी फुटपाथवर थांबली आणि मान वर करून दुकानाच्या पाटीकडे बघत राहिली. ही पाटी बघायला तिला कधीच कंटाळा येत नसे. उंच, अरुंद, काळी अक्षरं खांद्याला खांदा लावून उभी होती. उभे दांडे जाडजूड, आडव्या रेघा केसासारख्या बारीक, आणि प्रत्येक टोकाला सेरिफ, म्हणजे अक्षराला जमिनीवर उभं ठेवणारा तो सपाट, धारदार पाय. लांबून बघायची अक्षरं होती ती, मोठ्या आकारात, थांबून. धाकटीने स्वतः काढलेली.

आज मात्र तिचं लक्ष अक्षरांच्या मधल्या जागांकडे गेलं. त्या जागा तिने एवढ्या कमी ठेवल्या होत्या, हे तिला आठवत नव्हतं.

२

या अक्षरांसाठी धाकटीने चांगली नोकरी सोडली होती. एका गॅरेजच्या वरची खोली भाड्याने घेऊन ती आणि कॉलेजातला मित्र, ज्याला सगळे ढोल्या म्हणत, दिवसभर स्क्रीनसमोर बसून वेलांट्यांपेक्षाही बारीक गोष्टींवरून भांडत. रस्त्यावरची अक्षरं सुंदर झाली तर माणसं ताठ मानेने चालतील, असं धाकटीला खरोखर वाटायचं. ती हे चारचौघांत बोलूनही दाखवायची. ढोल्या तिच्या या टाइपफेसला 'कुपोषित' म्हणायचा.

अशी अक्षरं काढायची एक रीत असते. दोन टोकं हाताने काढायची, एक रुंद आणि एक अरुंद. मधले सगळे आकार कॉम्प्युटर काढून देतो. स्क्रीनवर एक पट्टी असते, ती सरकवली की अक्षर अंग चोरत चोरत रुंदाकडून अरुंदाकडे जातं. पट्टी टोकाशी थांबते. पण टोकाच्या पलीकडचा आकडा कुणी हाताने लिहिला, तर कॉम्प्युटर नाही म्हणत नाही. तो आपला तसाच पुढे जातो. अक्षराच्या पोटातली पोकळी आवळत जाते, बारीक रेघ आणखी बारीक होते, शून्य होते, आणि मग उलटते. रेघेची डावी कड उजव्या कडेला ओलांडून पलीकडे जाते. आतलं बाहेर येतं. अक्षरं काढणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी बघितलेलं असतं. बघतात, हसतात आणि मागे येतात.

धाकटी मागे आली नव्हती.

ताईच्या दुकानाचं तोंड अरुंद होतं आणि नाव लांबलचक. आईचं नाव आणि चिमीचं नाव जोडून ताईने ते केलं होतं. आई जाऊन फार दिवस झाले नव्हते.

"उंची कमी कर, मावेल," ढोल्या म्हणाला होता.

"आईचं नाव मी बारीक लिहिणार नाही."

"मग नवीन अरुंद टोक काढ, नीट."

"महिने जातील! उद्घाटन रविवारी आहे."

आणि तिने टोकाच्या पलीकडचा आकडा लिहिला. अक्षरं मावली. श्वास रोखून फोटोला उभी राहिल्यासारखी दिसली, आणि खरं सांगायचं तर आजवरच्यापेक्षा देखणी दिसली. ज्या रेघा उलटल्या होत्या त्यांचे बिंदू तिने माउसने ओढून दिसायला सरळ केले. मागचा जाडीचा आकडा, शून्याच्या किंचित खालचा, तसाच ठेवला. एका पाटीपुरतं तर होतं.

बोर्डवाल्याने डोकं खाजवलं होतं. "एवढी बारीक रेघ पत्र्यात निघायची नाही, मॅडम. तुटेल."

"तुम्ही कापा हो. तुटली तर माझी जबाबदारी."

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "निघाली बुवा," तो म्हणाला. आवाज पडलेला होता. "कशी निघाली ते मला विचारू नका. दिसते. दोन्ही दांडे तिनेच धरलेत. पण बोट फिरवलं तर बोटाला लागत नाही."

धाकटीला ते कौतुकच वाटलं.

उद्घाटनाच्या दिवशी ताई पाटीखाली उभी राहून रडली होती. "आईचं नाव एवढं मोठं कुणीच कधी लिहिलं नव्हतं गं," म्हणाली होती.

३

पुढच्या शनिवारी भाऊजी दुकानात टेबलाची लांब कड करवतीने कापत होते. भुशाने सगळं दुकान पिवळं झालं होतं.

"हे काय हो भाऊजी?"

"लाकूड फुगलंय. चालायला जागा राहत नाही."

"लाकूड एवढं फुगतं?"

"फुगतं. माणसं नाही फुगत? तुझा तो मित्र बघ."

ताई मागून दोन तागे घेऊन आली आणि टेबल आणि फळ्या यांच्या मधून सहज, अंग तिरकं करून निघून गेली. चेहरा धाकटीकडे, खांदे भिंतीकडे. वर्षानुवर्षं तशीच चालत असावी, इतक्या सवयीने.

"ताई, अशी काय चालतेस?"

"कशी?"

धाकटीने टेबलावरची टेप उचलली. एक टोक चिमीच्या हातात दिलं, दुसरं स्वतः ओढत समोरच्या भिंतीपर्यंत नेलं. टेपवरचा आकडा भाऊजींनी मोठ्याने वाचला. दुकान घेताना होता तोच, दोरा इकडचा तिकडे नाही.

"बघ," ते म्हणाले. "भिंती काय पळून जातात?"

धाकटीने टेप खाली ठेवली आणि मधोमध उभी राहून दोन्ही हात पसरले. या दुकानात तिचे हात कधीच दोन्ही भिंतींना एकदम पोचले नव्हते. आता ते पोचले, आणि कोपर सरळही होईना.

ती बाहेर पळाली. डावीकडे किल्ल्या करणाऱ्याचं दुकान, उजवीकडे वह्या-पेनांचं. भिंत सरकली असेल तर यांच्यापैकी कुणाची तरी जागा वाढायला हवी. तिने दोन्हीकडे डोकावून बघितलं. किल्लीवाला त्याच्या त्याच कोपऱ्यात अवघडून बसला होता. वह्यांच्या दुकानात गठ्ठे छतापर्यंत तसेच रचलेले होते. कुणालाच काही मिळालं नव्हतं. मग इकडची जागा गेली कुठे?

"तुमच्या ताई छान बारीक झाल्यात हो," किल्लीवाला कानस थांबवून म्हणाला. "माझ्या बायकोला विचारायचं होतं, काय खातात त्या?"

धाकटीने मनाशी सगळी कारणं मांडली. आपली झोप होत नाही. आपण दिवसभर अक्षरं अरुंद करत बसतो, डोळ्यांना तेच वळण लागलंय. आई गेल्यापासून ताई जेवत नाही. लाकूड फुगतं. प्रत्येक कारण वेगळं घेतलं तर ठीक होतं. ती थोडी सावरून परत आत गेली.

ताईने वरच्या फळीवरचा निळा तागा काढायला हात बाजूला पसरला.

तो हात आडवा होता तेवढा वेळ धाकटीला फक्त एक रेघ दिसली. खांद्यापासून बोटांपर्यंत, काळी, सुतासारखी. रेघेच्या टोकाला निळा तागा होता, जड, आणि तो उचलला जात होता. मग ताईने हात खाली घेतला. उभा हात. गोल, भरलेला, बांगड्यांचा, ताईचा हात.

"अशी काय बघतेस? भूत बघितल्यासारखी?"

उभं ते जाड, आडवं ते बारीक. हा नियम धाकटीनेच केला होता.

४

सोमवारी दुपारी तिने ढोल्याला सगळं सांगितलं. तो खुर्चीत मागे रेलून मनसोक्त हसला.

"मलाही घाल की त्या पट्टीवर. माझी आई देवासारखी पूजा करेल तुझी."

"फाइल उघड."

"अगं, ताई बारीक झाली म्हणून..."

"ढोल्या, फाइल उघड. त्या पाटीची."

त्याने उघडली. आईच्या नावातलं पहिलं अक्षर स्क्रीनभर उभं राहिलं. पाटी कापायला दिल्यापासून ही फाइल कुणी उघडलीच नव्हती. ढोल्याने आडव्या रेघेवर क्लिक केलं आणि बाजूला जाडीचा आकडा आला. ढोल्याचं हसू तिथेच थांबलं.

"हा वजा आहे."

"माहितीय. तो मीच ठेवला."

"एवढा?"

एवढा नव्हता. तिने ठेवलेला आकडा शून्याच्या अगदी जवळ होता, उंबऱ्यातून नुसतं पाऊल बाहेर टाकावं तेवढा. हा फार लांबचा होता. ते बघत असताना तो बदलला नाही, सरकला नाही, काही नाही. गप्प उभा होता.

"शून्य म्हणजे रेघ नाही," ढोल्या हळूच म्हणाला, स्वतःशीच. "मग याचा अर्थ काय? नसण्याच्याही पलीकडे काय असतं?"

धाकटीने तोपर्यंत ताईला फोन लावला होता.

"ताई, ऐक. दुकान बंद कर आणि घरी जा."

"अगं सोमवार आहे! आत्ता एक बाई संपूर्ण घराचे पडदे बघतायत."

"ती पाटी आहे ना, तिच्यात माझी चूक झालीय. तिच्यामुळे होतंय सगळं. पाटी काढली की थांबेल."

"सगळं म्हणजे काय?"

आता हे कुणाला कसं सांगायचं? "दुकान आवळतंय, ताई. तू पण."

ताई म्हणाली, आणि तिचा आवाज दुखावलेला होता, "कालच ब्लाउजचं माप घेतलं मी. तसूभर फरक नाही. आणि ती पाटी कुणी काढायची नाही. आईचं नाव आहे ते. तुला तुझी अक्षरं बदलायची असतील तर तुझ्या खोलीत बदल."

"बरं, चिमीला तरी दुकानात येऊ देऊ नकोस!"

"शाळेतून इथेच येते की ती रोज. ही काय, आलीच बघ. चिमे, बूट काढ आणि मागे जाऊन अभ्यासाला बस."

धाकटीने फोन ठेवला. ढोल्याने काही न विचारता खालच्या गॅरेजमधून शिडी मागून आणली.

५

दुपारचं लख्ख ऊन होतं. रस्त्यावर माणसं होती, किल्लीवाल्याची कानस करकरत होती. धाकटीने समोरच्या फुटपाथवरून बघितलं.

किल्ल्यांचं दुकान जसंच्या तसं होतं. वह्यांचं जसंच्या तसं होतं. आणि त्या दोहोंच्या मधे, अर्धवट उघडलेल्या पुस्तकाएवढ्या फटीत, ताईचं दुकान होतं. वर पाटी होती. एकही अक्षर कमी झालेलं नव्हतं, लहान झालेलं नव्हतं, अख्खं लांबलचक नाव तिथे होतं आणि सहज वाचता येत होतं. एवढ्याशा जागेत ते मावलं कसं, हे डोळ्यांना कळत नव्हतं. डोळे दुखायला लागले, पण नाव वाचता येत राहिलं.

त्या फटीतून एक बाई कापडाचं मोठं बोचकं घेऊन बाहेर आली. तिरकी वगैरे काही झाली नाही. आली आणि पदर सारखा करत निघून गेली.

"तुला दिसतंय ना?" धाकटीने विचारलं.

ढोल्याने मान डोलावली. मग म्हणाला, "मी आत मावणार नाही गं." पहिल्यांदाच त्यात विनोद नव्हता.

"तू वर चढ. स्क्रू सैल करायला घे. पण पाटी काढू नकोस. मी दोघींना बाहेर आणते, मग काढ."

"आधी त्या बाहेर येऊ देत ना. मग चढतो."

"आणि त्या म्हणाल्या नाही येत, म्हणून आपण वाद घालत बसायचं? ती फट बघ! सैल करून ठेव, म्हणजे मी हाक मारली की लगेच निघेल. चढ!"

तो चढला. धाकटीने दारातून हाक मारली, "ताई, बाहेर ये!"

"ये की आत!" ताईचा आवाज आला, अगदी नेहमीचा. "दारात उभी राहून काय ओरडतेस?"

धाकटीने श्वास सोडला, अंग तिरकं केलं आणि आत शिरली.

६

दोन्ही कानांना कापड घासत होतं. एका बाजूला फळ्यांवरचे तागे, दुसऱ्या बाजूला भिंतीवर लटकवलेले नमुन्याचे पडदे. ताई टेबलापाशी होती. टेबल म्हणजे आता एक कड होती, आणि ताई त्या कडेवर कापड कापत होती.

"चिमी कुठाय?"

"मागे. झालं काय तुला? घाम बघ किती आलाय."

धाकटी पुढे सरकत राहिली. दुकान मागे मागे आवळत गेलं होतं, आणि जिथे भिंती एकमेकींना भेटायला हव्या होत्या तिथे त्या भेटल्या होत्या. एक उभी रेघ होती, छतापासून जमिनीपर्यंत. दुकान तिथे संपायला हवं होतं.

ते संपत नव्हतं. त्या रेघेच्या पलीकडे पुन्हा खोली उघडत गेली होती, ऐसपैस, इकडे जेवढी जागा हरवली तेवढी सगळी. इकडच्या डाव्या फळ्या तिकडे उजवीकडे होत्या. पडद्यांची मागची बाजू पुढे होती, सगळ्या शिवणी, सगळे सुटलेले दोरे खोलीकडे तोंड करून. उजेडही मागच्या बाजूचा होता. याहून नीट ते सांगता येणार नाही.

मधोमध चिमी बसली होती, वहीवर वाकून. तिचा शाळेचा फ्रॉक उलटा होता, अस्तर बाहेर आलेलं. लाल, ओलसर अस्तर, बारीक बारीक निळ्या दोऱ्यांचं. धाकटीच्या मनात आलं, हिने फ्रॉक उलटा घातलाय आणि ताईने बघितलं कसं नाही.

मग ते अस्तर श्वास घेऊ लागलं. तो फ्रॉक नव्हता.

आधी बोलली ती चिमी. मान वर करून, शाळेतून आलेल्या कुठल्याही मुलीसारखी. "मावशी, तू..." आणि ती थांबली. तिची पेन्सिल खाली पडली. "मावशी, तुझं सगळं बाहेर का आलंय?"

"चिमे," धाकटी म्हणाली. "बाळा, माझ्याकडे ये. डोळे मीट आणि ये."

"नको! आई! आई गं!"

तिने हात पुढे केला. बोटं रेघेपाशी पोचली आणि तिथे ती तिची तिलाच जाणवेनाशी झाली, नुसतीच दिसत राहिली. तिने हात झटकन मागे घेतला. चिमी किंचाळायला लागली, आणि ती किंकाळी मात्र सुलटी होती. ताईचं काळीज फाटेल अशी, कुठल्याही लेकराची.

"काय झालं? काय तमाशा लावलाय दोघींनी?" ताई मागून आली. दोन पानांच्या मधून कागद सरकावा तशी ती धाकटीच्या अंगाला न लागता पुढे गेली. धाकटीने तिला धरलं. हात ताईच्या, चिमीकडे पसरलेल्या आडव्या हातावर पडला, आणि मुठीत काहीच आलं नाही.

"ताई, थांब! तिकडे जाऊ नकोस!"

ताई गेली. रेघ ओलांडताना तिला काही झालं नाही, की धाकटीला ते बघवलं नाही, कोण जाणे. पलीकडे गेल्यावर तिने चिमीला उचललं, कडेवर घेतलं, पाठ थोपटली. "काही नाही झालं, मी आहे ना," असं म्हणत ती वळली.

आणि तिने धाकटीकडे बघितलं.

पलीकडची ताई कशी दिसत होती, ते धाकटीने पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही. तिच्या लक्षात राहिली ती फक्त ताईची हालचाल. ताईने चिमीला छातीशी घट्ट आवळलं आणि एक एक पाऊल मागे घेत गेली. लहानपणी अंगावर कुत्रा धावून आला होता, तेव्हा ताईने धाकटीला असंच मागे ओढलं होतं. आज ती चिमीला ओढत होती. धाकटीपासून.

"ताई, मी आहे गं," धाकटी म्हणाली. रडतच म्हणाली. "मी, धाकटी."

"बाई गं," ताई पुटपुटली. "हे काय झालं तुझं." तिच्या आवाजात दया होती आणि भीती होती, आणि भीती जास्त होती. "तू म्हणाली होतीस. पाटी काढली की थांबेल."

"नाही! आत्ता नाही! आधी इकडे..."

"पाटी काढा!" ताई ओरडली. दुकान चालवणाऱ्या बाईचा तो खणखणीत आवाज, रस्त्याच्या टोकापर्यंत पोचणारा. "कोण आहे बाहेर? काढा ती पाटी! काढा आधी!"

"ढोल्या, नको!" धाकटी किंचाळली. "काढू नकोस!"

दोन्ही आवाज बहिणींचेच होते, एकसारखे. लहानपणी फोनवर वडीलही फसत.

पण तोवर वर पत्रा करकरला होता.

७

दुकान रुंद झालं. काही आवाज झाला नाही. धाकटीच्या दोन्ही कानांवरचं कापड दूर झालं एवढंच, आणि ती तोल जाऊन जमिनीवर बसली. ऊन दारातून आत येऊन पार मागच्या भिंतीपर्यंत पोचलं. मागची भिंत होती. साधी, चुन्याची, पाठ टेकून बसता येईल अशी. तिच्यापुढे चिमीची सतरंजी होती आणि सतरंजीवर कुणी नव्हतं.

ढोल्या पाटी भिंतीला टेकवून धापा टाकत आत आला. "तूच म्हणालीस ना, काढा? दोनदा म्हणालीस." तो इकडेतिकडे बघायला लागला. "त्या बाहेर आल्या कधी? मला कुणी दिसलं नाही."

धाकटी उठली. तिने मागच्या भिंतीवर हात फिरवला, मग थापा मारल्या, मग नखं लावली. ढोल्याने तिचे हात धरले. ती त्याला ढकलून बाहेर धावली, पाटी उचलायला गेली, परत लावायला, आत्ताच्या आत्ता. पण टेकवलेली पाटी कलंडली होती. उभे दांडे फुटपाथवर पडले होते, सुटे, काळे, एकमेकांना काहीही न जोडलेले. आडव्या रेघा कुठेच नव्हत्या. ती गुडघ्यांवर बसून दांडे जवळ जवळ मांडत राहिली. किल्लीवाला उठून बघायला आला.

तेवढ्यात भाऊजींची स्कूटर आली. या वेळी ते चिमीला घरी न्यायला यायचे. त्यांनी स्कूटर स्टँडवर लावली, जमिनीवर पसरलेला पत्रा बघितला, धाकटीचा चेहरा बघितला.

"पडली की काय पाटी? लागलं नाही ना कुणाला?"

धाकटीने हातातला दांडा खाली ठेवला.

"जाऊ दे, परत लावू," भाऊजी समजूत घालत म्हणाले, आणि दारात जाऊन, रोजच्यासारखी, त्यांनी हाक दिली. "चिमे! चल गं, आवर!"

दुकान रिकामं होतं. दारातून सगळं दिसत होतं, टेबल, तागे, सतरंजी, मागची भिंत.

"आले, बाबा!"

आवाज अगदी बारीक होता. वह्यांच्या दुकानाची भिंत आणि ताईच्या दुकानाची भिंत जिथे पाठीला पाठ लावून उभ्या होत्या, तिथून आला, जिथे एक कागदही शिरला नसता.

ढोल्याने धाकटीचा दंड घट्ट धरला. म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं.

भाऊजींनाही आलं. ते हसले, दप्तर अडकवायला स्कूटरचा हुक मोकळा केला, आणि दाराकडे तोंड करून वाट बघत उभे राहिले.